अनोळखी कंपनी, पहिली सफर

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईच्या बंदरातून ‘कर्णिका’ हे जहाज प्रवासी घेऊन निघालं, तेव्हा ‘जलेश क्रूझेस’ हे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नव्हतं. कंपनी नवी होती, जहाज मात्र जुनं. १९९० मध्ये इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या गोदीत ते ‘क्राउन प्रिन्सेस’ या नावाने तयार झालं होतं आणि त्याच्या आरेखनात रेन्झो पियानो या नामवंत वास्तुकाराचा हात होता. पुढे ‘आरोसा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्युवेल’ अशी नावं घेत ते मुंबईला पोचलं. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत सफरी थांबल्या, कंपनी बंद पडली आणि त्याच वर्षी ते जहाज गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून दुसऱ्या नव्या कंपनीने सफरी सुरू केल्या. कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाजही १९९० चंच. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत ते रॉयल कॅरिबियनसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलं गेलं, नंतर ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, मधली काही वर्षं स्पेनच्या पुलमान्तुर कंपनीकडे होतं आणि पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे जाऊन शेवटी भारतात आलं.

महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांची पहिली क्रूझ या दोन जहाजांवर झाली. त्यांनी तिकीट काढलं तेव्हा समोर एक रंगीत माहितीपत्रक होतं आणि एक न ऐकलेलं नाव होतं. पहिली क्रूझ ठरवताना बहुतेकांची हीच स्थिती असते. नाव अनोळखी आहे एवढ्याने घाबरायचं कारण नाही. जहाज कोणतं, ते जाणार कुठे, भाड्यात काय येतं आणि करार काय म्हणतो, या चार गोष्टी पैसे भरण्यापूर्वी घरबसल्या तपासता येतात. या प्रकरणात तेच कसं करायचं ते पाहू.

नावामागे कोण आहे?

क्रूझच्या जाहिरातींत नावं पुष्कळ दिसतात, पण मालक थोडे आहेत. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, आयडा, क्युनार्ड ही सगळी कार्निव्हल समूहाची नावं. रॉयल कॅरिबियन, सेलेब्रिटी आणि सिल्व्हरसी एका समूहात येतात. नॉर्वेजियन, ओशियानिया आणि रीजंट दुसऱ्या समूहात. एमएससी ही जिनिव्हाची खासगी कंपनी, मालवाहू जहाजांच्या धंद्यातलं जगातलं एक सर्वांत मोठं नाव. म्हणजे ‘हॉलंड अमेरिका’ हे नाव आपण पहिल्यांदा ऐकलं असलं, तरी त्यामागे जगातला सर्वांत मोठा क्रूझ समूह उभा आहे.

मोठा समूह असला की धोका संपतो असं मात्र नाही. पुलमान्तुरमध्ये रॉयल कॅरिबियनची मोठी भागीदारी होती, तरी जून २०२० मध्ये पुलमान्तुरने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच महिन्यात ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस कोसळली. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग बुडाली आणि तिच्यासोबत ड्रीम क्रूझेस व क्रिस्टल क्रूझेस बंद पडल्या. गेंटिंगचंच ‘गेंटिंग ड्रीम’ हे जहाज त्याच वर्षी जूनमध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाखाली सिंगापूरहून पुन्हा निघालं. जहाज तेच, पण कंपनी वेगळी. जुन्या कंपनीकडे अडकलेल्या पैशांना नवी कंपनी आपोआप बांधील होत नाही.

म्हणून पैसे देण्याची रीत महत्त्वाची. अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांच्या कंपन्यांना प्रवाशांच्या आगाऊ रकमेसाठी तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनकडे आर्थिक हमी द्यावी लागते. मुंबईहून किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या सफरीला तो नियम लागू नाही. आपल्या हातात असलेला उपाय साधा आहे. पूर्ण रक्कम वर्षभर आधी भरू नये, शेवटचा हप्ता कधी द्यायचा ते विचारून घ्यावं, शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे द्यावेत आणि प्रवास विम्यात कंपनी बुडाल्यास भरपाई आहे का ते पाहावं. बऱ्याच विम्यांत ती नसते.

जहाजाचं वय आणि मोकळी जागा

जहाजाचं नाव, मालक, ध्वज, सगळं बदलतं, पण त्याचा आयएमओ क्रमांक बदलत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेतला हा सात आकडी क्रमांक जहाजाला बांधणीपासून भंगारापर्यंत चिकटलेला असतो. त्यावरून जहाज कधी, कुठे बांधलं, आधी कोणाचं होतं हे शोधता येतं. टूर कंपनीला ‘जहाज कोणतं?’ एवढंच न विचारता ‘बांधणीचं वर्ष कोणतं आणि शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली?’ असं विचारावं.

जुनं जहाज वाईट असतंच असं नाही. नीट राखलेलं तीस वर्षांचं जहाज चांगली सेवा देऊ शकतं आणि त्याचं भाडंही परवडतं. पण फरक माहीत हवेत. १९९० च्या सुमाराच्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन फार कमी, आजच्या जहाजांवर मोठ्या संख्येने. १ जुलै २०१० नंतर बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना एक जास्तीचा नियम लागू आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतची आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी त्यांना स्वतःच्या बळावर बंदरात परतता आलं पाहिजे. त्याआधीच्या जहाजांना ही अट नाही.

दुसरा आकडा ग्रॉस टनेजचा. यात ‘टन’ असला तरी हे वजन नसतं, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप असतं. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. ‘एम्प्रेस’चं ग्रॉस टनेज सुमारे ४८,५०० आणि एका केबिनमध्ये दोघं धरले तर प्रवासी सुमारे १,६००. भागाकार ३०. व्हायकिंग कंपनीचं २०१५ चं ‘व्हायकिंग स्टार’ जवळजवळ तेवढंच, ४७,८०० चं, पण प्रवासी ९३०. भागाकार ५१. सारख्याच आकाराच्या दोन चाळींत एकीत सोळा बिऱ्हाडं आणि दुसरीत नऊ असावीत, तसा हा फरक. जिन्यात, जेवणाच्या रांगेत, पोहण्याच्या तलावाशी तो पदोपदी जाणवतो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं ‘आयकन ऑफ द सीज’ २,४८,६६३ चं आहे. त्यावर याच हिशेबाने ५,६१० प्रवासी मावतात आणि भागाकार ४४ येतो. जहाज अवाढव्य आहे, पण माणशी जागा ‘व्हायकिंग स्टार’पेक्षा कमीच.

हा आकडाही एकटा पुरत नाही. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही आणि कसिनोही नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला तिथली ऐसपैस जागा काही उपयोगाची नाही. त्यांना घसरगुंड्या, खेळ आणि दंगा असलेलं गर्दीचं जहाजच जास्त आवडेल.

बंदराचं नाव आणि बंदराची जागा

माहितीपत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हितावेक्क्याला. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, जवळपास ९० किलोमीटर दूर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, त्याहूनही लांब. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लाएम चाबांग, शंभराहून अधिक किलोमीटर. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’च्या कित्येक सफरी आता मार्गेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात.

बंदरात जहाज आठ तास थांबणार असेल आणि जाण्यायेण्यात चार-पाच तास जाणार असतील, तर शहर किती पाहता येईल याचा हिशेब आपणच करायचा. जहाज सुटायची वेळ आणि प्रवाशांनी परतायची वेळ या दोन्ही वेगळ्या असतात. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज साधारणपणे थांबतं. आपण आपली टॅक्सी करून गेलो आणि रस्त्यात अडकलो, तर ते थांबत नाही.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. सांतोरिनीला ते समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपलाही तसंच, आणि तिथे भारतीय नागरिकांनाही प्रवेशाचा परवाना लागतो. हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघेदुखी असलेल्या आजीआजोबांना जड जातं. शिवाय समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. सोबत वडीलधारी माणसं असतील, तर सगळी बंदरं धक्क्याची आहेत अशी सफर निवडावी.

ऋतूचंही भान हवं. अरबी समुद्रात पावसाळ्यात प्रवासी जहाजं चालवणं सोयीचं नसतं. ‘एम्प्रेस’ने पावसाळ्याच्या महिन्यांत पूर्व किनाऱ्यावरून, चेन्नईहून सफरी केल्या आहेत आणि २०२३ मध्ये तिथून ती श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुराई या बंदरांपर्यंत गेली. भूमध्य समुद्राचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, अलास्काचा मे ते सप्टेंबर, दुबईचा नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल.

व्हिसाची चूक सर्वांत महागात पडते. बार्सिलोनाहून निघून इस्तंबूलला जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येणारी सफर म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडून परत आत येणं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे चालत नाही. माँटेनेग्रोच्या कोटोरलाही हेच. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजांना वाटेत परदेशी बंदर न घेता फक्त अमेरिकेच्या बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करता येत नाही. म्हणून सिॲटलहून अलास्काला जाऊन परतणारी जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना त्या काही तासांसाठी कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. तो नसेल तर ‘आम्ही खाली उतरणारच नाही’ म्हणून भागत नाही, पहिल्याच बंदरात जहाजावर चढण्यापासून अडवलं जातं.

भाड्याबाहेरचा खर्च

क्रूझच्या भाड्यात साधारणपणे केबिन, मुख्य भोजनगृहातलं व बुफेचं जेवण आणि रंगमंचावरचे कार्यक्रम येतात. बंदर शुल्क, कर, टिप, इंटरनेट, बाटलीबंद पेयं, खास उपाहारगृहं आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुतेक वेळा वेगळ्या. अमेरिकी कंपन्यांत टिप म्हणून माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप चढतात, आणि लहान मुलंही मोजली जातात. रोज १८ डॉलर धरले तर चौघांच्या सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. काही कंपन्यांनी टिप भाड्यातच घेतली आहे. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवावा आणि घराबाहेर पडल्यापासून घरी परतेपर्यंतचा एकूण खर्च मांडावा.

एकट्याने जाणाऱ्याला दोघांचं भाडं भरावं लागू शकतं, कारण भाडं एका केबिनमध्ये दोघं धरून ठरवलेलं असतं. काही जहाजांवर एकट्यासाठी लहान केबिन असतात. नॉर्वेजियनने २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’वर त्या मोठ्या संख्येने आणल्या.

जहाज सुटताच मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा. भर समुद्रात फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला गेला, तर नेहमीचा रोमिंग पॅक तिथे लागू नसतो आणि बिल भलतंच येतं. जहाजावरच्या डॉक्टरची फीही आपल्यालाच द्यावी लागते आणि आजारी माणसाला हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर तो खर्च एखाद्या कुटुंबाला झेपण्यापलीकडचा असतो. विमा घेताना हे कलम तेवढं नक्की वाचावं.

केबिन कुठली घ्यावी?

कोकणातल्या माणसांना आगबोटीच्या काळापासून बोट लागण्याची धास्ती आहे. जहाज कसं हलतं हे कळलं की उपाय सापडतो. पुढचं टोक आणि मागचं टोक झोक्यासारखं वरखाली होतं, मधला भाग सर्वांत कमी. उंच डेकवर डोलणं जास्त, खालच्या डेकवर कमी. म्हणून ज्यांना त्रास होतो त्यांनी मधली आणि खालची केबिन मागावी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं आवरतात, पुढचं-मागचं वरखाली होणं मात्र त्यांना थांबवता येत नाही.

केबिनच्या वर-खाली काय आहे तेही नकाशात पाहावं. डोक्यावर बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकण्याचा आवाज, पायाखाली नाचघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. ‘समुद्रदर्शन’ लिहिलेल्या काही खिडक्यांसमोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात. नकाशात ती खूण असते, पण कोणी आपणहून दाखवत नाही. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त असते. तिच्यात प्रकार ठरलेला असतो, जागा कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्याने ती घेऊ नये.

ताट आणि सोबत

शाकाहारी जेवण आज जवळजवळ सर्वत्र मिळतं. प्रश्न असतो तो रोजच्या रोज, पोटभर आणि खात्रीने मिळण्याचा. मुंबईहून आणि सिंगापूरहून भारतीय प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजांवर जैन जेवणही मिळतं. युरोपातल्या सफरीवर मात्र किती दिवस आधी कळवायचं, वेगळं भांडं वापरतात का, लहान मुलांना वरणभातासारखं काही मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावं.

प्रत्येक कंपनीचा स्वभाव वेगळा. क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर काही संध्याकाळी औपचारिक पोशाखाचा रिवाज आहे. नॉर्वेजियनमध्ये हवं तेव्हा, हवं तिथे जेवायची मोकळीक. एमएससी आणि कोस्टाच्या भूमध्य समुद्रातल्या सफरीवर वेगवेगळ्या बंदरांतून प्रवासी चढतात आणि घोषणा चार-पाच भाषांत होतात. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी शाळेच्या सुट्ट्यांचे आठवडे टाळावेत आणि तिथल्या देशाच्या सुट्ट्याही पाहाव्यात.

सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या सफरीला ही अट वर्षाची असते. चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींनाही साधारणपणे प्रवेश नाही.

सुरक्षितता आणि स्वच्छता

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती दुर्घटना ज्यांच्या घरांत अजून सांगितली जाते, त्यांना समुद्राची भीती वाटणं साहजिक आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांवर समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा ‘सोलास’ हा करार बंधनकारक आहे. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये त्याचं पहिलं रूप तयार झालं आणि आज चालतं ते १९७४ चं रूप, वेळोवेळी सुधारलेलं.

ती सुधारणा कशी होते हे १३ जानेवारी २०१२ च्या अपघाताने दाखवलं. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली आणि ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चिव्हितावेक्क्याला चढलेल्या शेकडो प्रवाशांचा आपत्कालीन सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हा चोवीस तासांची मुभा होती. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावाच लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो सर्वांत मन लावून करावा. आपलं जमण्याचं ठिकाण कोणतं, तिथे केबिनमधून लिफ्टशिवाय कसं जायचं, हे चालून पाहावं. लहान मुलांच्या मापाची जॅकेट केबिनमध्ये आहेत का तेही पाहावं.

स्वच्छतेसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची तपासणी उपयोगी. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या परदेशगामी प्रवासी जहाजांची ती अचानक पाहणी करते आणि १०० पैकी गुण देते. ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास. हे निकाल कोणालाही वाचता येतात. मुंबई-गोवा करणाऱ्या जहाजाला असे गुण मिळणार नाहीत, पण कंपनीची इतर जहाजं अमेरिकेत जात असतील तर तिची शिस्त त्यावरून कळते. बाकी आपल्या हातात साबण आहे. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबणाने हात धुणं चालतं.

करारपत्र वाचताना

तिकीट म्हणजे करार. त्यात जवळजवळ नेहमी एक कलम असतं, की कप्तान कोणतंही बंदर वगळू शकतो किंवा मार्ग बदलू शकतो. अशा वेळी वगळलेल्या बंदराचं शुल्क परत मिळतं, त्याहून फारसं काही मिळत नाही. कुठल्या एका बेटासाठीच कोणी क्रूझला जाणार असेल, तर त्याने विमानाने गेलेलं बरं.

दुसरं कलम दाव्याच्या जागेचं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हलच्या एका खटल्यात निकाल दिला. वॉशिंग्टन राज्यातल्या एक बाई मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत जहाजावर पडल्या होत्या. तिकिटावर बारीक अक्षरांत दावा फ्लोरिडातच लावण्याची अट छापलेली होती, आणि न्यायालयाने ती वैध ठरवली. तेव्हापासून या कलमाला बळकटी आली. पुण्यात बसून तिकीट काढलं तरी भांडण कुठल्या शहरातल्या न्यायालयात न्यावं लागेल, हे सही करण्यापूर्वी वाचावं.

निवडीचा क्रम

पहिल्या सफरीसाठी तीन-चार रात्रींचा प्रवास चांगला. एका रात्रीत सामान लावणं आणि आवरणं यातच वेळ जातो. तीन-चार रात्रींत एक पूर्ण दिवस समुद्रावर मिळतो, एखादं बंदर होतं, आणि जहाजावरचं जगणं आपल्याला मानवतं की नाही ते कळतं. आधी मार्ग आणि ऋतू ठरवावा, मग जहाज, मग केबिन, आणि किंमत सर्वांत शेवटी पाहावी. उलट क्रमाने गेलं की स्वस्त तिकीट हाती लागतं आणि बाकी सगळं ते तिकीट ठरवून टाकतं.

मग बांधणीचं वर्ष, प्रत्यक्ष बंदरं, माणशी एकूण खर्च, जेवणाची सोय, रद्द करण्याचे नियम आणि व्हिसा, हे सहा प्रश्न ईमेलने पाठवावेत आणि उत्तरं लेखी मागावीत. अनोळखी कंपनीची खरी ओळख या उत्तरांत होते. जिला आपल्या जहाजाची आणि प्रवाशांची काळजी आहे ती नेमकी माहिती देते, एखादी गोष्ट जमत नसेल तर तसं सांगते. जी फक्त सवलतीची मुदत संपत आल्याची आठवण करून देते आणि प्रश्नांना बगल देते, तिच्या जहाजावर आपल्या आईबाबांना पाठवू नये, तिकीट कितीही स्वस्त असलं तरी.